पेडणेकरांचं खोकं

आमच्या मजल्यावरचे पेडणेकर लिफ्टमध्ये भेटले की नमस्कार करत नाहीत, वजन सांगतात.

"आक्का, डाव्या पिशवीत तीन किलो दोनशे, उजवीत दीड. खांदा धरणार तुमचा. मापात असू द्या."

आणि ते बरोबर असतं. एकदा मी मुद्दाम वाण्याकडे परत गेले आणि डावी पिशवी त्याच्या काट्यावर ठेवली. तीन किलो एकशे ऐंशी भरली. पेडणेकरांना येऊन सांगितलं, चुकलात म्हणून. ते म्हणाले, "वाण्याचा काटा तपासून घ्यायला झालाय." महिन्याभरानं काटे तपासणारा माणूस आला आणि वाण्याचा काटा खरंच वीस ग्रॅमनं चुकत होता. तेव्हापासून वाणी पेडणेकरांना बघितलं की उठून उभा राहतो.

बारशाला सगळे बाळाला हातात घेतात आणि नाक कुणासारखं, डोळे कुणासारखे ते बघतात. पेडणेकरांनी बाळ दोन्ही तळहातांवर घेतलं, डोळे मिटले, दोनदा हलकेच वरखाली केलं आणि म्हणाले, "तीन सहाशे. दुपट्यासकट." बाळाच्या आजीनं पोर काढून घेतलं आणि आतल्या खोलीत नेऊन आधी तीट लावली.

माणसाला तर ते उचलतही नाहीत. माणूस आत आला की लिफ्ट किती दबते त्यावरून सांगतात. आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी ठाकूर, त्याची बायको व्यायामाला जायला लागली. पंधरा दिवसांनी लिफ्टमध्ये चार माणसांच्या देखत पेडणेकर तिला म्हणाले, "वहिनी, सातशे ग्रॅम उतरलात. पण चप्पल बदललीत, त्यातले दोनशे चपलेचे." ती बाई संतापली आणि त्या दिवसापासून जिन्यानं ये-जा करायला लागली. जिन्यानं तिचं आणखी दोन किलो उतरलं. तेही पेडणेकरांनीच सांगितलं, खाली गेटपाशी उभं राहून, ती पायरी कशी उतरते ते बघून.

वाईट हेतू काही नाही. खोड आहे. कळंबोलीच्या लोखंड बाजारात ट्रकच्या काट्यावर एकतीस वर्षं बसलेला माणूस. रिकामा ट्रक यायचा, वजन व्हायचं. भरून यायचा, पुन्हा वजन. वजाबाकी केली की लोखंड किती ते कळायचं. काही ड्रायव्हर रिकाम्या गाडीत पाण्याचे पिंप लपवून आणायचे, आधी वजन जास्त दाखवायचं आणि पुढे जाऊन पाणी ओतून द्यायचं, म्हणजे तेवढं लोखंड फुकटात. पेडणेकर नुसते टायर बघायचे आणि खिडकीतून ओरडायचे, "पाणी ओत, मग काट्यावर ये!" आमचे मालक त्याच बाजारात माथाडी होते. ते घरी येऊन हसत हसत सांगायचे, त्या पेडणेकराला काट्याची गरजच नाही, काट्यालाच त्याची गरज आहे. पुढे कामोठ्याला एकाच इमारतीत, एकाच मजल्यावर घरं मिळाली. मालक गेले. पेडणेकर रिटायर झाले. पण काटा काही त्यांच्या डोक्यातून उतरला नाही.

कुणी मोठी बात मारली की ते म्हणतात, "काट्यावर घ्या बघू." ठाकूर म्हणाला, आमी उलव्याला घेतलेली जागा, आता विमानतल आला, सोना झाला तिचा सोना. पेडणेकर म्हणाले, "काट्यावर घ्या." ठाकूर म्हणाला, "काका, जागा काट्यावर कशी घेनार?" पेडणेकर म्हणाले, "मग सोनं म्हणू नका."

असे हे पेडणेकर. साऱ्या बिल्डिंगचं वजन यांच्या जिभेवर. फक्त एका माणसाचं ते कधी कुणाला सांगत नसत. शालूचं.

शालू म्हणजे त्यांची बायको, शालिनी. आमच्या बायकांच्या भजनी मंडळात ती पुढे बसून सांगायची आणि आम्ही मागून म्हणायचो. तिचा गळा खरा होता. मी टाळ वाजवायचे आणि जमेल तसं ओरडायचे. ती गाता गाता माझ्याकडे भुवई उचलून बघायची आणि कडवं संपलं की हळूच म्हणायची, "आक्का, जरा खाली या." मला कधी समजलंच नाही खाली म्हणजे कुठे. मी आवाज बारीक करायचे. ती हसायची. मी चौथी शिकलेली, मला सूर काय कळणार.

दीड वर्षापूर्वी तिला झटका आला. उजवा हात गेला, उजवा पाय गेला, बोलणं गेलं. कान शाबूत, डोकं शाबूत, पण तोंडात एकच शब्द उरला. नको. चहा देऊ? नको. खिडकी उघडू? नको. आधी आधी ती नको म्हणायची आणि चहा पिऊन टाकायची, म्हणजे तो नको 'हो'चाच होता. आम्ही दोघं त्यावर हसायचो, तीही हसायची. मग हळूहळू नकोचा अर्थ खरंच नको व्हायला लागला. मी रोज दुपारी पेज घेऊन जायचे. दोन चमचे घ्यायची आणि तोंड भिंतीकडे. पेडणेकर तिच्याशी त्यांच्या मालवणीत बोलायचे, "एक घास खा गो. माझ्यासाठी खा." नको. डॉक्टर म्हणाले, पोटात काही दोष नाही, मन उठलंय, कशात तरी गुंतवा. यांनी मोबाइलवर भजन लावलं. तिनं डाव्या हातानं मोबाइल पलंगावरून खाली ढकलला.

दिवाळीच्या आधी एकदा पेज देऊन मी निघाले तर पेडणेकर दारापर्यंत आले आणि खालच्या आवाजात म्हणाले, "आक्का, गणपतीत पंचेचाळीस होती. आता त्रेचाळीस."

मी म्हटलं, "कशावरून?"

"रोज उचलतो मी."

पलंगावरून खुर्चीत, खुर्चीतून न्हाणीत, न्हाणीतून पलंगावर. त्या माणसाचे हात म्हणजे काटाच. त्यांना ग्रॅमग्रॅम कळत होतं बायको कशी कमी होत चाललीय ते. मी म्हटलं, "उद्या पेजेत मीठ जास्त घालते." आणि घरी आले.

आणि अशा वेळी या माणसाला गिटार सुचली!

झालं असं. रिटायर होताना त्यांना बाजारातल्या एका शेठनं परदेशी सिगारचं खोकं भेट दिलं होतं. पेडणेकर सुपारीसुद्धा खात नाहीत. सिगार त्यांनी ड्रायव्हरांना वाटल्या. एकानं ओढून सांगितलं, यापेक्षा बिडी बरी. उरलं खोकं. चांगलं लाकडाचं, पितळी कडी, झाकणावर मिशीवाल्या गोऱ्याचं चित्र. शालूनं त्यात सुया, दोरे, हूक आणि बटणं ठेवली होती. पेडणेकरांनी मोबाइलवर कुणा परदेशी म्हाताऱ्याला पाहिलं. तो असल्याच खोक्याला दांडा लावून, तीन तारा ताणून गिटार वाजवत होता. झालं. सुया-दोरे प्लास्टिकच्या डब्यात गेले आणि खोकं घेऊन हे माझ्या दारात उभे.

"आक्का, तुमच्या गॅलरीत पलंगाची पट्टी पडलीय ती द्या."

ती आमच्या मालकांच्या पलंगाची पट्टी. अस्सल सागवान. पलंग मोडला तेव्हा बाकी सगळं भंगारात गेलं, ही एक मी ठेवली होती. का ठेवली ते मला माहीत नाही. पावसाळ्यात कुंड्यांखाली लावायचे.

"कशाला हवी?"

"गिटार करतोय. सिगारच्या खोक्याची."

"गिटार पोराटोरांनी वाजवायची. तुमचं वय काय?"

"काट्यावर घ्या आक्का. व्हिडिओतला म्हातारा माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठा आहे."

मी म्हटलं, "पट्टी देते. पण यापुढं लिफ्टमध्ये माझं वजन सांगायचं नाही."

त्यांनी खोकं एका हातातून दुसऱ्या हातात घेतलं. "पिशव्यांचं?"

"पिशव्यांचं चालेल."

पट्टी घेऊन गेले. दुसऱ्या दिवसापासून आमच्या दोघांच्या दारांमधल्या जागेत सुतारकाम सुरू झालं. मी आयुष्यात पुष्कळ सुतार पाहिले, असा नाही. एक रेघ मारायला पाऊण तास. सात वेळा मोजायचं, आठव्यांदा रेघ पुसायची. शेवटी करवत चालली की माझ्या उंबऱ्यावर भुसा. माझ्या चपलेत भुसा. माझ्या तुळशीत भुसा.

खोक्याच्या झाकणाला आवाज बाहेर यायला भोक पाडायचं होतं. गोल कसं काढायचं? घरातून शालूची हिरवी बांगडी आणली, ती मिशीवाल्या गोऱ्याच्या पोटावर ठेवली आणि भोवतीनं पेन्सिल फिरवली. मी म्हटलं, "वाटी घ्यायची की एखादी." ते म्हणाले, "वाटी मापात नाही."

मग दांडा तासायला लागले. तासून तासून इतका बारीक केला की मला बघवेना. माझी सागवानी पट्टी! मी म्हटलं, "भावजी, तुमच्या पंजात हा काडीसारखा दिसतो. तुटेल." ते म्हणाले, "मापात आहे."

तारा म्हणून पहिल्यांदा बाजारातून सळ्या बांधायची तार आणली. तीच ताणली. तार तुटली आणि उडून माझ्या भिंतीवरच्या कॅलेंडरचा आख्खा डिसेंबर फाडून गेली. दार उघडं होतं माझं, नशीब डोळा वाचला. मग पनवेलला जाऊन खऱ्या तारा आणि त्या पिळायच्या तीन चाव्या घेऊन आले.

त्यातून आणखी एक वेड. या गिटारीवर तार बोटानं दाबत नाहीत, बोटात नळी घालून तारांवरून घसरवतात. त्यासाठी कळंबोलीला जाऊन पाइपचे सहा बारके तुकडे कापून आणले आणि पॉलिश करून घेतले. सगळे वेगवेगळ्या वजनाचे. दिवसभर एकेक तुकडा हातात घेऊन बसायचे. "सत्तर ग्रॅम. जड होतोय." "पंचावन्न. अजून जड." शेवटी चाळीस ग्रॅमचा पसंत पडला. तो एवढासा, की यांच्या बोटात पहिल्या पेरापुढे जाईना. हे तो चिमटीत धरून वाजवायचे. माझ्या मनात आलं, एकतीस वर्षं माप घेतलं आणि स्वतःच्या बोटाचं माप घेता आलं नाही.

तेवढ्यात सव्वीस जानेवारीच्या कार्यक्रमाची यादी खाली फळ्यावर लागली. दर वर्षी आमच्याकडे झेंडावंदन झालं की मांडवात पोरांचे नाच, बायकांची गाणी, मग सत्यनारायणाचा प्रसाद. यादीत वर पहिलंच नाव. 'पेडणेकर – वादन'. सगळी बिल्डिंग फळ्यापुढे उभी राहून हसत होती.

मी ठाकूरला विचारलं, "हे काय?"

तो म्हणाला, "आक्का, काकांची चिठ्ठी तर दिवालीच्या पाडव्यालाच आली हाय. सगल्यात पयली. घडी घालून दिली, बोलतान, त्याच दिवशी उघडायची. मी बोललो, काका, काय वाजवनार? तर बोलतान, वादन लिहा. मी लिवला वादन."

हसणारे हसू देत. मला हसू येत नव्हतं. त्या दुपारी शालूनं एक चमचा पेज घेतली होती. एक. मी भांडं घेऊन बाहेर आले तर हा माणूस स्टुलावर बसून दांड्याला तेल पाजत होता. माझं डोकं फिरलं.

"भावजी, लाज वाटते का? आत बायको वाळत चाललीय, आणि तुम्ही बाहेर भुसा पाडत बसलाय. खोकं वाजवून ती जेवणार आहे का?"

त्यांनी मान वर केली नाही. हातातला नळीचा तुकडा माझ्यापुढे धरला. "आक्का, हा उचलून बघा. आजारी माणसाला जड वाटेल?"

"खाडीत टाका तो तुकडा," मी म्हटलं आणि दार लावून घेतलं. तेव्हा माझं लक्ष माझ्या रागावर होतं, त्यांच्या बोलण्यावर नव्हतं.

तारा चढल्या. आता दांड्यावर पट्ट्या बसवायच्या राहिल्या होत्या, म्हणजे कुठला सूर कुठे ते कळावं. सायकलवाल्याकडून चाकाच्या जुन्या आऱ्या आणल्या, त्यांचे तुकडे केले आणि दांड्यावर आडवे चिकटवले. व्हिडिओत त्या म्हाताऱ्यानं ते कसे बसवायचे ते सांगितलं असणार, पण यांनी ते ऐकायची गरज काय? काट्यावर बसलेला माणूस. काट्यावरची सगळी घरं सारखी असतात. यांनी सव्वा इंचाला एक आरी, सव्वा इंचाला एक आरी, अशी खालपासून वरपर्यंत फुटपट्टीसारखी मांडणी केली. इतकी सुंदर दिसत होती की काय सांगू. एका केसाचा फरक नाही.

आणि वाजवलं.

आमच्या मंडळाचं पहिलं भजन वाजवायचं होतं त्यांना. मला सूर कळत नाही हे मी सांगितलंच आहे. पण मलासुद्धा कळलं. पहिले दोन आवाज बरे यायचे, आणि मग जसं वर जावं तसं ते भजन कळवळायला लागायचं. दोन दिवस सकाळ-संध्याकाळ हेच. तिसऱ्या दिवशी ठाकूर वर आला.

"काका, वरच्या मजल्यावरना फोन हाय. बोलतान, कोनी तरी मांजर कोंडलंय."

"मांजर नाही. गिटार आहे."

"तेच बोललो मी. ते बोलतान, मांजर परवडला."

पेडणेकर चिडले. "एकेक घर मापात आहे! या, टेप लावा!" त्यांनी ठाकूरच्या हातात टेप दिला आणि सगळ्या आऱ्या मोजायला लावल्या. ठाकूरनं बिचाऱ्यानं मोजल्या. सव्वा, सव्वा, सव्वा. म्हणाला, "माप बराबर हाय काका. आवाजच खोटा हाय."

तो गेला. पेडणेकर आतल्या खोलीत पलंगाशेजारी खुर्चीवर जाऊन बसले आणि पुन्हा सुरू झाले. मी पेज घेऊन आले होते. तिसरा आवाज लागला, तसा धाडकन आवाज झाला. शालूनं डाव्या हातानं पाण्याचा पेला पलंगाच्या कडेवर आपटला होता.

"नको!"

"काय झाला गो?"

त्यांनी पुन्हा तोच आवाज काढला. पुन्हा पेला. "नको!"

"अगो, आरी हय असा. हयच वाजवूक होया." आरी इथं आहे तर इथंच वाजवायला हवं, हा यांचा हिशेब.

शालूनं पेला टाकला, हात लांब केला आणि त्यांच्या चिमटीतली नळी आरीवरून जरा मागे ढकलली. त्यांनी तार छेडली. शालूनं मान हलवली. "नको." नळी आणखी एक गव्हाचा दाणा मागे. "नको." आणखी थोडी. त्यांनी तार छेडली.

शालू काही बोलली नाही.

पेडणेकर माझ्याकडे बघायला लागले. मी त्यांच्याकडे. "भावजी, कळलं नाही का," मी म्हटलं, "नको म्हणाली नाही. म्हणजे तिथं खूण करा."

दीड वर्ष तिच्याजवळ तो एकच शब्द होता, आणि तोच कामाला आला. सगळी दुपार गेली. नको. नको. नको. मग गप्प. गप्प झाली की पेडणेकर तिच्या जुन्या नखं रंगवायच्या बाटलीतला लाल ठिपका दांड्यावर ठेवायचे. मध्ये मी सहज चमचा पुढे केला, तर तिनं तोंड उघडलं, पेज गिळली आणि डोळे गिटारीवरून काढले नाहीत. असे आठ चमचे गेले. मी मोजले. पेडणेकरांनीही मोजले असणार, पण आम्ही दोघं त्यावर बोललो नाही. बोललं की बिघडतं.

संध्याकाळी त्यांनी सगळ्या आऱ्या पक्कडीनं उपटून काढल्या आणि ठिपक्यांना टेप लावला. मग माझं दार वाजलं.

"आक्का! घरं लहान लहान होत जातात!"

"कुठली घरं?"

"सुरांची! खालचं मोठं, त्याच्या वरचं त्याहून लहान, त्याच्या वरचं आणखी लहान. सारखी नसतातच! एकतीस वर्षं मला वाटत होतं, जगात माप एकच."

पुढचे चार दिवस लिफ्टमध्ये त्यांनी कुणाचंही वजन सांगितलं नाही. जो भेटेल त्याला घरं लहान होत जातात हे सांगायचे. लोकांना वाटलं नवीन इमारतींबद्दल बोलतायत. सगळे म्हणाले, हो ना काका, आणि किमती वाढत जातात.

सव्वीस जानेवारीला झेंडा झाला. मांडव आमच्या गॅलरीच्या बरोबर खाली होता, आम्ही दुसऱ्या मजल्यावर. पोरं नाचली. मग ठाकूरनं माइक घेतला, खिशातून घडीची चिठ्ठी काढली आणि म्हणाला, "आता आपल्या सगल्यांचे लाडके, ज्यांच्यामुलं लिफ्ट मोकली रायते, ते पेडणेकर काका..." लोक हसले. त्यानं चिठ्ठी उघडली आणि थांबला. त्यानं ती पुन्हा वाचली, या वेळी हळू. "सौ. शालिनी पेडणेकर, वादन. सोबत, यशवंत पेडणेकर."

मांडवात कुणी हसलं नाही.

मी चिठ्ठी ठाकूरच्या हातातून घेतली. खाली तारीख होती, पाडव्याची. माझ्याकडून पट्टी नेली ती पाडव्यानंतर पंधरा दिवसांनी. म्हणजे खोकं रिकामं व्हायच्या आधी, एकही लाकूड कापायच्या आधी या माणसानं बायकोचं नाव देऊन ठेवलं होतं. आणि बांगडीचं माप. आणि काडीसारखा दांडा. आणि चाळीस ग्रॅमची नळी. मी जिन्यानंच वर गेले, लिफ्टची वाट बघत बसले नाही.

दार उघडंच होतं. शालू चाकाच्या खुर्चीत बसली होती. रेशमी साडी, कपाळाला कुंकू जरा वाकडं, म्हणजे यांनीच लावलेलं. खोकं मांडीवर आडवं. बारीक दांडा तिच्या डाव्या मुठीत असा बसला होता की जणू तिथंच वाढला. नळी तिच्या बोटात पुरती बसली होती. पेडणेकर समोर स्टुलावर, घामानं शर्ट पाठीला चिकटलेला.

"आक्का, खाली येत नाही म्हणते."

"नको," शालू म्हणाली. चारचौघांत तो लुळा हात घेऊन जायचं तिला नको होतं. मला समजलं. मला सूर समजत नाहीत, हे समजतं.

"नको तर नको," मी म्हटलं. "खाली कशाला जायचं? मांडव काय लांब आहे?" आणि मी तिची खुर्ची ढकलत गॅलरीत नेली. वरून ओरडले, "ठाकूर! ते भोंगे बंद कर आणि पोरांना गप्प बसव!"

सगळ्यांच्या माना वर झाल्या. खुर्चीच्या पाठीमागनं पेडणेकर वाकले आणि उजव्या हातानं तार छेडली. शालूनं डाव्या हातानं नळी सरकवली. तिला दांड्यावरचे ठिपके बघावेसुद्धा लागत नव्हते. म्हणजे रोज रात्री भिंतीपलीकडून मला ऐकू यायचं, ते हिचंच होतं. भजनाची पहिली ओळ आली. खोक्यातून येत होती, पण गाणारा माणूस जसा एका सुरावरून दुसऱ्यावर न तुटता जातो तशी येत होती. टाळ वाजवायला माझा हात आपोआप उठला. टाळ नव्हतेच हातात.

दुसऱ्या ओळीला पेडणेकर घाईत पुढे गेले. शालूनं नळी तारेवर दाबून आवाज बंद केला, त्यांच्या हातावर चापट मारली आणि म्हणाली, "थांब."

खाली मांडवात ऐकू गेलं. माझ्या कानाशीच ऐकू आलं. थांब. दीड वर्षानं दुसरा शब्द.

पेडणेकरांचा चेहरा असा झाला, जणू तिनं हार घातला. "आक्का, ऐकलंत? मला ओरडली!"

"बरं झालं. पहिल्यापासून वाजवा," मी म्हटलं.

पहिल्यापासून वाजवलं. दोनदा चुकले, दोनदा चापट खाल्ली. खालच्या बायका म्हणायला लागल्या तेव्हा मीही वरून म्हटलं. शालूनं भुवई उचलून माझ्याकडे बघितलं. मी खाली आले, जिथं कुठं ते खाली असेल तिथं.

प्रसाद झाल्यावर मी शिरा घेऊन गेले. पेडणेकर शालूला खुर्चीतून उचलून पलंगावर ठेवत होते. ठेवलं, उशी सारखी केली, आणि तसेच हात समोर धरून उभे राहिले.

"बेचाळीस दोनशे," ते म्हणाले.

"म्हणजे?"

"पंधरवड्यापूर्वी बेचाळीस होती. दोनशे ग्रॅम वाढली."

मी म्हटलं, "भावजी, रेशमी साडी नेसलीय ती. साडीचं वजन धरा."

"साडी सहाशे पन्नास. बांगड्या, बोटातली नळी, सगळं वजा करून सांगतोय." आणि त्यांनी तोंड खिडकीकडे फिरवलं.

मी शिऱ्याची वाटी पलंगाशेजारी ठेवली. दुसऱ्या दिवशी पेजेत दोन चमचे तूप जास्त घातलं. त्यांच्या हाताला कळेल एवढं.